प्रश्नचिन्ह चालत नाही

"लिव्ह, जेवलास का," आई म्हणाली.

मी लिहिलं. शेवटी प्रश्नचिन्ह दिलं, आणि कॉम्प्युटरने ते नाकारलं. नावात हे चिन्ह चालत नाही, अशी सूचना पिवळ्या त्रिकोणासकट पडद्यावर आली.

"काय म्हंतोय त्यो?"

"प्रश्न विचारायचा नाही म्हणतोय."

आईने कॉम्प्युटरकडे बघितलं. रॉकेल संपलं म्हणून सांगणाऱ्या रेशन दुकानदाराकडे ती असंच बघायची.

"मग इचारायचं कसं?"

"चिन्ह काढून टाकतो. त्याला कळेल."

"कळंल, पर नुसतं सांगितल्यावानी दिसतंय. जेवलास का. जशी मला फिकीरच न्हाई."

मग आम्ही दोघांनी बराच विचार केला आणि 'जेवून घे' असं लिहिलं. त्यानंतर 'कुठे आहेस' हवं होतं, त्याचं 'कुठे आहेस ते कळव' झालं. 'आमचं काय चुकलं' याचं काही केल्या दुसरं काही होईना, म्हणून ते लिहायचंच राहिलं. त्या आठवड्यात आमच्या घरातून एकही प्रश्न बाहेर पडू शकला नाही. सगळे हुकूमच निघाले. आईचा स्वभाव मुळात हुकूम देण्याचा, पण त्या वेळी तिला फक्त विचारायचं होतं.

'जेवून घे' हे पत्र नव्हतं. ते गाण्यांच्या एका यादीचं नाव होतं, आणि त्या यादीत गाणं एकही नव्हतं.

हा प्रकार मार्च दोन हजार बाराचा. विट्याला आमचं 'गुरव बंधू साउंड' होतं. आमचे वडील देवळात सनई वाजवायचे, आम्ही मांडवात डीजे वाजवायला लागलो. बंधू दोन. मी भानुदास थोरला, दिगंबर धाकटा. दिगूला गाण्याची जाण होती. मला वायरींची होती. लोक कार्यक्रम झाल्यावर त्याच्याशी हात मिळवायचे आणि मला विचारायचे की टेम्पो इथून कधी हलणार.

कॉम्प्युटरही दोन होते. घरात टेबलावर बसलेला एक मोठा, आणि कार्यक्रमाला न्यायचा एक लॅपटॉप. कॉम्प्युटरला नाव द्यावं लागतं म्हणून दिगूने मोठ्याचं नाव 'थोरला' ठेवलं आणि लॅपटॉपचं 'धाकटा'. थोरला एका जागी बसून घरघर करायचा, धाकटा गावोगाव हिंडून नाव कमवायचा. नावं ठेवताना दिगूने माझ्याकडे बघितलंही नव्हतं, तरी मला ते लागलं होतं.

सुरुवातीला आम्ही घरी याद्या तयार करायचो आणि पेनड्राइव्हवरून लॅपटॉपवर घ्यायचो. त्यात एकदा जुनी यादी तशीच राहिली आणि एका बारशाला वरातीची गाणी वाजली. बाळाच्या आत्या नाचल्या, पण बाळाच्या वडिलांनी आम्हाला पुन्हा बोलावलं नाही. मग दिगूने इंटरनेटवरून दोन्ही कॉम्प्युटर एकमेकांना बांधून टाकले. एका ठिकाणी यादी केली, तिला नाव दिलं, तिच्यात गाणं घातलं, की डोंगल लावल्यावर दुसरीकडे तसंच दिसायचं. इकडे पुसलं की तिकडे पुसलं जायचं. दिगू म्हणायचा, आता आपण दोघं कुठंही असलो तरी काम एकच. मला त्यातलं पुसलं जाणं आवडलं नव्हतं. पण वायरी नसलेल्या गोष्टीत माझं मत कुणी विचारत नसे.

नऊ मार्चला बोरजाईवाडीला साळुंख्यांच्या घरी हळद होती, दुपारी चारची. मांडवाच्या कडेला म्हातारी माणसं बसली होती, म्हणून दिगूने आवाज बेताचा ठेवला होता. नवरदेवाकडची पोरं नाचायला आलेली. डीजे आजारी आहे का, सलाईन लावा, असं काहीबाही ओरडत होती. साडेपाचच्या सुमाराला आवाज एकदम वाढला. पोरं खूश झाली. थोड्या वेळाने नवरीचे आजोबा, ज्ञानूआप्पा साळुंखे, वय ब्याऐंशी, आमच्या स्पीकरच्या भिंतीसमोर कोसळले. विट्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत ते गेले होते.

आवाज वाढला हे सगळ्यांनी ऐकलं होतं. आवाज कोण वाढवतो, तर जो समोर उभा असतो तो. मी टेम्पोच्या मागच्या बाजूला अॅम्प्लिफायरपाशी होतो, तिथे मला कुणी बघायला आलं नाही. आप्पांच्या मुलाने दिगूची कॉलर धरली. दिगू सगळ्यांदेखत म्हणाला, "चूक माझी. माझा हात लागला."

परत येताना टेम्पोत त्याने स्पीकरचे दोर नीट बांधलेत का, एवढं एकदा विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आईला वाटलं तो दूध आणायला गेलाय. दुधाची किटली जागेवर होती. लॅपटॉपची बॅग नव्हती, आणि मोबाइल भिंतीला चार्जिंगला लावलेला होता, पूर्ण भरलेला.

डॉक्टर म्हणाले, हृदय जुनं होतं, आवाजाने झालं असेल, नसेलही. साळुंख्यांनी तक्रार दिली नाही. दिली असती तर निदान दिगूला शोधायला पोलीस तरी मिळाले असते. आमच्या वाट्याला मामा आणि चार चुलतभाऊ आले. त्यांनी तालुक्यातल्या विहिरी आपसात वाटून घेतल्या. रोज सकाळी दोन मोटारसायकली निघायच्या, कुणी कालव्याच्या बाजूला, कुणी माळावर. परत आले की आई आधी त्यांच्या पायांकडे बघायची, पाय ओले आहेत का. मग पाणी द्यायची.

पाचव्या दिवशी दुपारी मी थोरल्यासमोर बसलो. 'साळुंखे हळद' ही यादी मला डोळ्यांसमोर नको होती. मी ती पुसली, आणि चहा घेऊन परत आलो तर यादी पुन्हा जागेवर. मला वाटलं, बटण नीट दाबलं गेलं नाही. पुन्हा पुसली. पंधरा मिनिटांनी पुन्हा आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा मी माउस सोडून दिला.

आई दारात उभी होती. तिने विचारलं, काय झालं.

मी सांगितलं की यादी आपोआप परत येत नाही. दुसरीकडे कुणीतरी ती उघडून त्यातली गाणी वाजवत असेल, तर त्याची नोंद होते आणि नवी प्रत इकडे येते. मी पुसतोय आणि तो तीच यादी पुन्हा पुन्हा लावतोय.

आईने एवढंच विचारलं, "म्हंजी त्यो हाय?"

"आहे."

ती खाली बसली. जमिनीवर, भिंतीला पाठ लावून. मग म्हणाली, "त्याला निरोप धाड ह्यातनं."

असं ते सुरू झालं. निरोप टाकायला दुसरी जागा नव्हती, म्हणून आम्ही रिकाम्या याद्या करायचो आणि त्यांना नावं द्यायचो. 'जेवून घे.' 'कुणी काही बोलणार नाही.' 'साळुंख्यांनी तक्रार दिली नाही.' मामांनीही एक निरोप लिहायला लावला. ते तलाठी कार्यालयातून निवृत्त झाले होते. 'उपरोक्त प्रकरणी तुझा कोणताही दोष नसल्याचे सर्व नातेवाइकांचे मत असून तरी' इथवर आल्यावर कॉम्प्युटर पुढचं अक्षर घेईना. नावाला मर्यादा असते म्हटल्यावर मामा रागावले आणि विहिरी बघायला निघून गेले.

उत्तर येत नव्हतं. पण याद्या नाहीशा व्हायच्या. सकाळी लिहिलेली दुपारी नसायची. आई म्हणायची, वाचतोय आणि पुसतोय. तिचं शिक्षण चौथीपर्यंत, पण ते गायब होणं तिला माझ्याआधी वाचता यायला लागलं. 'कुठे आहेस ते कळव' लगेच पुसलं. 'जेवून घे' मात्र दोन दिवस राहिलं. ते का राहिलं, यावर ती कितीतरी वेळ बोलत असे.

आठव्या दिवशी सकाळी अकराला एक यादी आली जी आम्ही केली नव्हती. 'माझ्यामुळे गेले ते.'

आईने बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. मग मला म्हणाली, लिव्ह, तसं न्हाई म्हणून. मी 'तसं नाही' लिहिलं. ते पाच मिनिटांत पुसलं गेलं. मी पुन्हा लिहिलं. पुन्हा पुसलं.

आणि मग दुसऱ्याच याद्या पुसल्या जायला लागल्या.

आधी 'गणपती आगमन' गेली. मग 'बारसं'. मग 'वरात जुनी', 'वरात नवी', 'नवरात्र', 'शाळा स्नेहसंमेलन'. एकेक ओळ खालून वर सरकायची आणि नाहीशी व्हायची. सहा वर्षं रोज थोडं थोडं बसून दिगूने त्या जमवल्या होत्या. कुठल्या गाण्यानंतर कुठलं, कुणाकडे काय चालतं, कुठल्या गावात काय लावायचं नाही, सगळं त्या याद्यांत होतं. आमचा धंदा म्हणजे स्पीकर नव्हते, ह्या याद्या होत्या.

"काय करतोय त्यो?" आईने विचारलं.

"सगळं पुसतोय."

"का?"

तिला कळलं असावं. थोडे दिवस घर सोडायचं असलं की माणूस कुलूप लावतो. ज्याला परत यायचंच नसतं तो मात्र आवरायला घेतो. आई माझ्या खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

डोंगल काढलं असतं तर उरलेल्या याद्या वाचल्या असत्या. माझा हात तिथपर्यंत गेलासुद्धा. पण डोंगल काढलं की तो पुसतोय हेही दिसलं नसतं. पुसतोय तोवर तो कुठंतरी बसलाय, लॅपटॉप उघडा आहे, एवढं तरी कळत होतं. मी हात मागे घेतला. 'लेझीम' गेली. 'पाठवणी' गेली.

"भाना, कायतरी लिव्ह," आई म्हणाली. "काय बी लिव्ह, पर आत्ता लिव्ह."

मी नवी यादी केली. नावाच्या जागी रेघ लुकलुकत होती. आई माझ्या खांद्यावरून बघत होती. तिला बाजूला जायला सांगायचं माझ्या मनात आलं. पाणी आण म्हणावं, चष्मा आण म्हणावं. तेवढा वेळ नव्हता. पडद्यावर चौदा याद्या उरल्या होत्या, मग तेरा.

मी टाइप केलं. आई एकेक अक्षर लावून मोठ्याने वाचत गेली, माझ्या बोटांच्या मागोमाग.

"आ... वाज... मी... वा... ढव... ला... होता."

ती थांबली. मी एंटर दाबलं.

त्या दिवशी पोरं 'डीजे आजारी' म्हणून ओरडत होती आणि दिगू नुसता हसत होता. मी मागून डोकावून त्याला खूण केली, वाढव. त्याने कडेला बसलेल्या म्हाताऱ्यांकडे बोट दाखवून नाही म्हटलं. सगळ्यांसमोर तो मला नाही म्हणाला, असं मला वाटलं. बघणारं तिथे कुणी नव्हतं, तरी वाटलं. मी अॅम्प्लिफायरची बटणं शेवटपर्यंत फिरवली. दिगूने वळून खाली कर, खाली कर, असा हात केला. मी ती खूण न दिसल्यासारखं केलं आणि एक वायर तपासत बसलो. मग मांडवातून किंकाळी आली.

मी आईकडे वळून बघितलं नाही. पडद्याकडे बघत राहिलो. तेरा याद्या होत्या. तेराच राहिल्या. आई माझ्या मागे श्वास घेत होती तो मला ऐकू येत होता. दहा मिनिटं गेली असतील. मग माझी यादी नाहीशी झाली.

"पुसलं," मी म्हणालो.

तिच्या जागी दुसरी आली. ती आईने माझ्याआधी वाचायला घेतली, बोट ठेवून, सावकाश.

"आई... ला... कळू... देऊ... नको."

आमच्या गल्लीतून भांडीवाली ओरडत गेली. तिचा आवाज पार कोपऱ्यावर पोहोचेपर्यंत आईचं बोट पडद्यावरच होतं. दिगूला सगळं आधीपासून माहीत होतं. त्याने वळून हात केला होता, त्याला माहीत नसायला काय झालं. तो सगळं अंगावर घेऊन गेला होता ते मला आईसमोर आरोपी म्हणून उभं राहायला लागू नये म्हणून. आणि गेल्यावर त्याला ते ओझं पेललं नव्हतं.

"लिव्ह," आई म्हणाली. "आईला कळलं."

मी लिहिलं.

"आता 'ये' लिहितो."

"नगं. ये म्हणायला तोंड हाय का आपल्याला?" तिचा आवाज अजिबात चढला नाही. "ऊठ. बोरजाईवाडीला जा. त्यास्नी सांग. मग लिव्ह काय लिव्हायचं ते."

मी म्हणालो की मी परत येईपर्यंत तो लॅपटॉप बंद करेल, निघून जाईल, काहीही करेल. आई म्हणाली, मी हाय हितं. मी म्हणालो, तुला यातलं काही येत नाही. ती म्हणाली, तू जा.

बोरजाईवाडी बारा किलोमीटर. मोटारसायकल मी कशी चालवली मला आठवत नाही. आता मी पिठाची गिरणी चालवतो, दिवसभर कानात घरघर असते, पण त्या रस्त्यावर जेवढं शांत वाटलं तेवढं मला नंतर कधी वाटलं नाही.

मांडव काढून टाकलेला होता, खड्डे तसेच होते. आप्पांची बायको, अनसूयाकाकी, ओसरीवर सुपात गहू निवडत बसली होती. मला ओळखायला तिला वेळ लागला, कारण त्या दिवशी तिनेही मला बघितलं नव्हतं. मी उभ्याउभ्याच सांगितलं. दिगूने नाही, मी. मुद्दाम. तो नको म्हणत असताना.

काकीने सूप खाली ठेवलं.

"किती वाडवला हुतास?"

"होता तेवढा सगळा."

"मग त्यास्नी ऐकू आलं ते तुझ्यामुळं," ती म्हणाली.

मला समजलं नाही. तिने मला बस म्हटलं आणि सांगितलं. आप्पांचे कान बारा वर्षांपूर्वी गेले होते. अजिबात काही ऐकू यायचं नाही. नातीच्या हळदीत ते कडेला बसून नाचणाऱ्यांकडे बघत होते, मुक्या टीव्हीकडे बघावं तसं. मग एकदम ताठ झाले. छातीवर हात ठेवला.

"मला म्हनलं, अनशे, वाजतंय गं. उठलं आन सरळ पुढं गेलं, त्या डब्ब्यांम्होरं. मी धराय पायजे हुतं." तिने सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला. "न्हाई धरलं. म्हटलं, जाऊ दे. ऐकू दे."

माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मी विचारलंही नाही. निघताना म्हणाली, भावाला सांग हे.

घरी पोहोचलो तेव्हा दीड वाजला होता. आई माझ्या खुर्चीत बसली होती, चष्मा न लावता, पाठ ताठ, माउस उजव्या हातात पकडून. दाबत होती.

मी पडद्याकडे बघितलं. 'नवी यादी'. त्याखाली 'नवी यादी २'. 'नवी यादी ३'. पडदा भरून खाली सरकत चालला होता. 'नवी यादी ५७' माझ्या डोळ्यांसमोर आली.

"मला लिव्हाय येत न्हाई ह्याच्यावर," ती म्हणाली, न थांबता. "तू दाबतोस ते बटण दाबत बसले. कोण तरी हाय एवढं तर कळंल त्याला."

मी तिच्या हातातून माउस घेतला नाही. तिच्या हातावर हात ठेवून पडदा वर सरकवला. छप्पन्न, पन्नास, तीस, दहा. सगळ्यात वर, अक्षरांच्या क्रमाने जिथे ती बसायला हवी तिथे, एक यादी होती. कधी आली होती कुणास ठाऊक. आई सगळा वेळ खालच्या टोकाकडे बघत बसली होती.

"काय हाय?"

मी वाचून दाखवलं. 'आई बटण सोड, निघालो.'

आईने ते नीट ऐकून घेतलं. मग पडद्याकडे बघितलं, आणि खात्रीला आणखी दोनदा बटण दाबलं.